वरसईचे विष्णुभट

थोर माणसाचे चरित्र लिहिताना जन्मसाल, गाव आणि घराणे आधी सांगावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ती मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही. विष्णुभट गोडसे यांचा जन्म १८२७ साली झाला. गाव वरसई, तालुका पेण, पूर्वीचा कुलाबा व आताचा रायगड जिल्हा. घराणे भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणांचे. घरात विद्या होती, खाणारी तोंडे पुष्कळ होती आणि कर्जही होते. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे गृहस्थ गोडसे भटजी या नावाने ठाऊक असतात. ‘माझा प्रवास’ या पुस्तकामुळे त्यांचे नाव राहिले. १८५७ च्या धामधुमीत कोकणातला एक भिक्षुक आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे गेला, झाशीच्या वेढ्यात सापडला, जिवंत सुटला आणि सुमारे तीन वर्षांनी घरी परतला, एवढी त्या पुस्तकाची हकीकत. या माणसाला थोर म्हणावे की नाही, याबद्दल आमच्या वर्गात दुमत होईल. ते राजे नव्हते, लढवय्ये नव्हते, समाजसुधारक तर मुळीच नव्हते. तरीही मला यंदा त्यांच्याविषयीच लिहावेसे वाटले, याचे कारण सांगतो.

आम्ही बोनकोड्याची आणि कोपरखैरण्याची चार-पाच मुले गेली दोन वर्षे सायकलवरून लांबच्या फेऱ्या मारतो. मागच्या कॅरिअरला कपड्यांची पिशवी, एक ताडपत्री, पंप, पंक्चर काढण्याचे सामान, दोन जादा ट्यूब आणि घरून दिलेल्या भाकऱ्या, एवढा संसार बांधायचा आणि निघायचे. कधी मी एकटाही जातो. एकदा पनवेलवरून कर्नाळ्याच्या खिंडीने पेणला जायचे ठरले. पेणच्या पुढे कोठे जावे म्हणून नकाशा पाहत होतो, तेव्हा आमच्या मराठीच्या सरांनी वरसईचे नाव काढले आणि ग्रंथालयातून ते पुस्तक माझ्या हाती ठेवले. प्रवासाचे पुस्तक म्हणून मी ते उघडले. मनात अशी कल्पना, की हा आपल्यासारखाच कोणी भटकण्याची हौस असलेला माणूस असणार. पहिल्या काही पानांतच कळले, की हौसेचा इथे काही संबंध नाही.

लांब पल्ल्याच्या भटकंतीचे वेड मुंबई भागाला तसे जुने आहे. १९२३ सालच्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगाच्या फेरीला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा या तिघांनी ती पुरी केली. सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर तोडून ते १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. त्यांना वाळवंटे, बर्फ, ताप, भूक सगळे सोसावे लागले; पण ते निघाले होते ते जग पाहण्यासाठी. विष्णुभट निघाले ते कर्ज फेडण्यासाठी. प्रवास हे त्यांच्या लेखी साधन होते, आणि तेही धोक्याचे. घरी पोटापुरते असते, तर ते वरसई सोडून नाशिकच्या पलीकडे गेले असते असे मला वाटत नाही.

हे समजून घ्यायचे तर त्या काळच्या भिक्षुकाची स्थिती पाहिली पाहिजे. पेशवाई १८१८ साली संपली. तोपर्यंत कोकणातला वैदिक ब्राह्मण पुण्याकडे डोळे लावून असे. श्रावणातली दक्षिणा, सरदारांच्या घरची अनुष्ठाने, लग्नकार्ये, यांवर घरे चालत. पेशवे गेले तशी ती गंगोत्री आटली. इंग्रजी शिकून कारकुनी धरणारे पुढे गेले. मंत्र म्हणणारे मागे राहिले. विष्णुभट त्या मागे राहिलेल्यांपैकी होते. अशा वेळी बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि त्यात लाखो रुपयांचा खर्च व्हायचा आहे. बायजाबाई म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या पत्नी, मोठ्या कर्तबगार बाई. विष्णुभटांचे काका रामभट यांना उत्तरेकडील प्रवासाची माहिती होती. विष्णुभट तेव्हा तिशीत होते. घरच्यांची समजूत घालून काका-पुतणे १८५७ च्या आरंभी निघाले.

त्या वर्षी आगगाडी ठाण्यावरून कल्याणपर्यंत आणि तिथून खोपोलीपर्यंत आलेली होती. पण बोरघाट तिला १८६३ साली चढता आला. तेव्हा घाट पायी चढून पुणे गाठायचे आणि तिथून सोबत मिळवून उत्तरेची वाट धरायची, हाच मार्ग. एकट्याने जाणे म्हणजे चोरांना आमंत्रण. सोबतीत बायका, म्हातारी माणसे, यात्रेकरू असत. सामानाला बैलगाडी असे आणि ज्याचे पाय चालत तो चालत असे. वरसई ते झाशी हे अंतर आजच्या रस्त्याने हजार किलोमीटरहून अधिक भरेल. आम्ही पेणला जाऊन आलो तर आठवडाभर मांड्या धरतात, म्हणून हा आकडा मला कोरडा वाटत नाही.

परंतु अंतरापेक्षाही मला नवल वाटले ते त्यांच्या मुक्कामांचे. एवढ्या दूर, परक्या मुलखात, हे दोघे जेवत कोठे होते, झोपत कोठे होते? नकाशा समोर घेऊन पाहिले तर उत्तर सापडते. इंदुरास होळकर, धारेला पवार, ग्वाल्हेरीस शिंदे, झाशीला नेवाळकर, आणि कानपूरजवळ ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, नानासाहेब पेशवे. शंभर वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजा ज्या वाटेने उत्तरेत गेल्या, त्या वाटेवर मराठी बोलणारी घरे, देवळे, अन्नछत्रे आणि दरबार उभे राहिले होते. वरसईचा भिक्षुक या दोरीला धरून चालला होता. कोठेही गेले तरी कोणी कोकणस्थ, कोणी कऱ्हाडा, कोणी देशस्थ भेटायचा, गावची ओळख निघायची आणि पान मांडले जायचे. आज आम्ही सायकलवर निघतो तेव्हा मावशीचे घर, मित्राच्या मामाचा गाव, असे ठोकताळे बांधतो. तसेच हे, फक्त त्याचा पसारा सह्याद्रीपासून गंगेपर्यंत. आणि नेमकी हीच दोरी १८५७-५८ मध्ये तुटत गेली. विष्णुभट ती तुटताना तिच्यावर लोंबकळत होते, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट लिहिली पाहिजे. हे आदरातिथ्य सर्वांसाठी नव्हते. विष्णुभटांना ते मिळाले, कारण ते ब्राह्मण होते, विद्वान होते आणि गळ्यात जानवे होते. त्याच वाटेने जाणाऱ्या गाडीवानाला किंवा हमालाला दरबारात पाट मिळाला नसता. माझे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात खपले. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ते किती चालले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. तेव्हा विष्णुभटांच्या हालांविषयी वाचताना माझ्या मनात दोन्ही भाव येतात. त्यांची कीवही येते आणि त्यांना मिळालेल्या सवलतीही दिसतात. पण पुस्तक प्रामाणिक आहे. आपण दानासाठी हिंडत होतो, दक्षिणा किती मिळते इकडे आपले लक्ष होते, हे ते लपवीत नाहीत. हा प्रामाणिकपणा भल्याभल्या प्रवासवर्णनांत सापडत नाही.

महूच्या अलीकडे एका मुक्कामावर त्यांना पलटणीतले शिपाई भेटले. नव्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, धर्म बुडवण्याचा बेत आहे आणि लवकरच मोठा उठाव व्हायचा आहे, अशी हकीकत त्यांच्याकडून कळली. इथून माघारी फिरणे शहाणपणाचे झाले असते. पण माघारी जाऊन सावकाराला काय सांगायचे? दोघे पुढे गेले. महूच्या छावणीत १ जुलै १८५७ रोजी उठाव झाला. पुढे धारला संस्थानिकाच्या निधनानंतरचा दानधर्म चालू होता, तिथे काही प्राप्ती झाली, उज्जयिनीचे दर्शन झाले, मग ग्वाल्हेर. ज्या यज्ञासाठी घर सोडले, तो मथुरेचा यज्ञ मात्र या धामधुमीत राहून गेला. प्रवासाचे मूळ कारणच नाहीसे झाले आणि परतीची वाट बंद. अशा अवस्थेत ते झाशीला गेले आणि लक्ष्मीबाईंच्या पदरी त्यांना आश्रय मिळाला.

झाशीची राणी आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे; घोड्यावर, पाठीला मूल, हातात तलवार. विष्णुभटांनी पाहिलेली बाई याहून वेगळी आहे आणि मला ती जास्त खरी वाटली. ती पहाटे उठून व्यायाम करते, घोडी फिरवते, स्नान-पूजा करते, दुपारी कचेरीत बसून कागद ऐकते, कधी पुरुषी पोशाख करते तर कधी साधे पांढरे पातळ नेसते. महालक्ष्मीच्या दर्शनाला जाते. चैत्रात हळदीकुंकू करते, आणि तेही वेढा पडायच्या बेतात असताना. घोड्यांची तिला अचूक पारख होती. भिक्षुकाच्या नजरेला अर्थातच दानधर्म आधी दिसतो. पण त्याबरोबर शहराचे रस्ते, वाडे, राजवाड्यातला मोठा ग्रंथसंग्रह हेही त्यांनी टिपून ठेवले आहे. त्या ग्रंथसंग्रहाची गोष्ट पुढे येणार आहे.

१८५८ च्या मार्च महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सर ह्यू रोज फौज घेऊन झाशीपुढे उभा राहिला. तोफा सुरू झाल्या. तात्या टोपे मोठी फौज घेऊन मदतीला आले, पण १ एप्रिलला बेतवा नदीच्या काठी त्यांचा मोड झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात शिरले. ४ तारखेच्या रात्री राणी किल्ल्यातून निसटली. इतिहासाच्या पुस्तकात एवढ्या ओळी पुरतात. शहरात अडकलेल्या माणसाला काय झाले, हे त्या ओळींत नसते आणि विष्णुभटांच्या पुस्तकाचे मोल तिथे आहे. आपण मरतो की वाचतो, हे माहीत नसलेला, हाती शस्त्र नसलेला, कोणत्याच बाजूचा सैनिक नसलेला माणूस घरात लपून बसला आहे आणि बाहेर गोरे शिपाई गल्लीगल्लीतून पुरुषांना मारीत चालले आहेत. त्या कत्तलीला त्यांनी बिजन हा जुना शब्द वापरला आहे. गोरे शिपाई ते लपले होते त्या घरातही आले. जवळचा पैसा त्यांनी काढून घेतला आणि जीव सोडला. वर्षभर दरबारोदरबारी मंत्र म्हणून जे साठवले होते, ते असे गेले.

कत्तलीनंतर लूट. या लुटीचे वर्णन वाचताना मला विशेष धक्का बसला, कारण ती गडबडीत झालेली नाही, पाळीपाळीने झाली. आधी गोऱ्यांनी सोने, रुपे, जडजवाहीर घ्यायचे. मग काळ्या पलटणींनी तांब्या-पितळेची भांडी. नंतर कापड, धान्य. आणि शेवटी दारे-खिडक्या, बाजा, दोऱ्यादेखील. घर असे थरथराने सोलले गेले. राजवाड्यातल्या ग्रंथांचेही तेच. पोथ्या बांधलेली रुमालाची कापडे कामाची म्हणून सोडून घेतली आणि पाने वाऱ्यावर टाकली. ज्याचा जन्म पोथ्यांत गेला, त्या माणसाला हे पाहताना काय वाटले असेल, हे निराळे सांगायला नको. रस्त्यांत प्रेते पडली होती, ती मिळेल त्या लाकडांनी जाळली जात होती, विहिरीचे पाणी पिववत नव्हते. यातली दृश्ये मी एका बैठकीत वाचू शकलो नाही.

झाशीतून बाहेर पडल्यावर काका-पुतणे काल्पीच्या वाटेला लागले. या वाटेवरचा एक प्रसंग मराठी वाचकांना परिचित आहे. विष्णुभट एका विहिरीवर असता पठाणी वेषातले काही स्वार आले. त्यांत धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ झालेली लक्ष्मीबाई होती. त्यांनी पाणी शेंदून देण्याची तयारी दाखवली, तर एका विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून तिने ते काम आपल्याकडे घेतले आणि मातीच्या भांड्यातले पाणी ओंजळीने प्यायली. कालपर्यंत ती दान देणारी आणि हे घेणारे. आज दोघेही वाटेवर, दोघांजवळही काही नाही. काही मिनिटांची भेट. नंतर जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढता लढता पडली. तेव्हा विष्णुभट तिथे नव्हते.

इथपर्यंतची कथा बहुतेकांना माहीत असते. शाळेच्या धड्यात किंवा व्याख्यानात गोडसे भटजी येतात ते झाशीपुरते. मला मात्र झाशीनंतरचा भाग अधिक मोलाचा वाटतो, जरी त्यात कोणी राणी नाही. खिशात पैसा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, काका थकलेले, चहूकडे फौजा. चोरांनी वाटेत पुन्हापुन्हा गाठले. नागवण्यासारखे उरले नव्हते तरी नागवले. त्यात मराठी बोलणारा ब्राह्मण दिसला, की नानासाहेबांचा माणूस असावा अशी शंका इंग्रजांच्या माणसांना यायची. जी ओळख आदल्या वर्षी पानावर बसवत होती, तीच आता फासावर नेऊ शकत होती. तरी या माणसाने काय केले? मिळेल तिथे मागून खाल्ले, अंगी बळ आले की पुढची वाट धरली आणि जमतील तितकी तीर्थे केली. चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी. आपल्याला हे विचित्र वाटेल. सरळ घरी का नाही गेले? पण घरी जायचे तर रिकाम्या हाताने कसे जायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि पैशाची आशा संपल्यावर हातात धरण्यासारखे एकच उरले होते, ते पुण्य. ज्याला पुण्य मानवत नसेल त्याने दुसरा शब्द योजावा. आपण इतक्या दूर आलो ते अगदी फुकट गेले नाही, असे स्वतःला सांगण्यासाठी माणसाला काहीतरी लागते.

म्हणून त्यांनी कावड घेतली. बांबूच्या दोन टोकांना गंगाजलाची भांडी, बांबू खांद्यावर. वयस्कर आईवडील गंगेपर्यंत येणे शक्य नव्हते. तेव्हा गंगाच घरी न्यायची आणि त्यांना स्नान घालायचे, असा संकल्प. कावडीचे नियम कडक असतात. ती जमिनीवर टेकवायची नाही, सोवळ्याने न्यायची. ज्याने पाठीवर किंवा सायकलवर पाणी वाहून नेले आहे, त्याला पाण्याचे वजन कळते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात कपात नाही. कपडे कमी करता येतात, भाकरी खाऊन संपते, पाणी पिऊन हलके होते. पण हे पाणी प्यायचे नव्हते. ते डचमळते, खांदा बदलावा तर तोल जातो, चढावर मागचे भांडे ओढते आणि उतारावर पुढचे. असे ओझे घेऊन तो गृहस्थ शेकडो कोस चालत विंध्य, नर्मदा, सातपुडा ओलांडून आला आणि सह्याद्री उतरून वरसईस पोचला. कर्ज फेडायला निघालेला मुलगा सुमारे तीन वर्षांनी घरी आला, तो पाणी घेऊन. ते पाणी आईवडिलांच्या अंगावर घातले गेले.

सावकाराचे पुढे काय झाले, असा प्रश्न मला पडला होता आणि अजून पडतो. भक्तिभावाने लिहिणारे लेखक या ठिकाणी गहिवरतात. मला गहिवर येण्याच्या आधी ते देणे आठवते. गंगाजलाने व्याज थांबत नाही.

आम्ही वरसईला गेलो होतो तो पावसाळा नुकताच सरलेला होता. बाळगंगा नदीच्या खोऱ्यात, डोंगरांच्या कुशीत ते गाव आहे. भाताची खाचरे, कौलारू घरे, आमच्या बोनकोड्याच्या म्हाताऱ्या ज्या गावाची वर्णने करतात, म्हणजे जमिनी संपादन होण्याआधीच्या गावाची, तसे काहीसे. नदीचे नाव बाळगंगा आहे, हे मला तिथे पोचल्यावर जाणवले. ज्याच्या दारात बाळगंगा वाहते, त्याने खांद्यावरून थोरली गंगा आणली! याच बाळगंगेवर नवी मुंबईच्या पाण्यासाठी सिडकोच्या पैशाने धरण बांधण्याचे काम २०१० च्या सुमारास सुरू झाले आणि त्या खोऱ्यातल्या गावांपुढे पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. आमच्या गावाच्या जमिनी १९७० नंतर शहरासाठी गेल्या. इकडच्या शहराच्या तहानेसाठी तिकडच्या. आमच्यातला एकजण तिथे बराच वेळ काही बोलेना. त्याच्या घरी साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचे कागद अजून कपाटात आहेत.

असो. परत आल्यावर विष्णुभटांनी पुन्हा भिक्षुकी धरली आणि आयुष्य पूर्वीच्या चाकोरीतून चालू झाले. वीस-बावीस वर्षे त्या प्रवासाच्या गोष्टी तोंडीच राहिल्या. कल्याणच्या वैद्यांचे घर हे त्यांचे यजमान. त्या घरात चिंतामण विनायक वैद्य हा हुशार तरुण होता. पुढे भारताचार्य म्हणून ज्यांची ख्याती झाली तेच हे. ते १८६१ चे, म्हणजे तेव्हा विशी ओलांडलेले, जवळजवळ आमच्याच वयाचे. भटजींच्या तोंडून हकीकती ऐकून त्यांनी आग्रह धरला, की हे सारे लिहून द्या. त्यासाठी मोबदलाही देऊ केला. त्याप्रमाणे १८८३ साली विष्णुभटांनी मोडी लिपीत आपला वृत्तांत लिहिला. कोणी विचारले नसते तर हा माणूस लिहिता ना. लिहावे असे आपल्या आयुष्यात काही घडले आहे, असे त्यांना आपण होऊन वाटले नसावे. आमच्या गावात खाडीतल्या होड्यांची, मिठागरांची, शेतकऱ्यांच्या आंदोलनाची हकीकत सांगणारी माणसे ऐंशीच्या घरात पोचली आहेत. त्यांना विचारायला कोण जाते? मी दोघांकडे जाऊन बसलो. एकाने हाकलून दिले, दुसऱ्या आजींनी चार संध्याकाळी बोलून वही भरून दिली.

पुस्तकावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. लिहिताना घटनांना पाव शतक उलटले होते. तिथींची गफलत होते, क्रम चुकतो. जे डोळ्यांनी पाहिले आणि जे बाजारात ऐकले, ते एकाच धाग्यात ओवले जाते. इंग्रजांनी कलकत्त्यास राजेरजवाड्यांना बोलावून धर्म बदलणारी चौऱ्याऐंशी कलमे पुढे ठेवली, ही कथा त्यांनी खरी म्हणून सांगितली आहे; ती ऐकीव आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती खोटी म्हणून टाकून द्यावी, असे काही जण म्हणतील. आमच्या इतिहासाच्या बाईंचे मत निराळे पडले. त्या म्हणाल्या, की अशी कथा १८५७ साली लोकांच्या तोंडी होती, हाच एक पुरावा आहे. मला ते पटले. मात्र झाशीच्या आतले जे वर्णन आहे, ते दुसऱ्या कोणा मराठी माणसाने आतून लिहून ठेवलेले मला आढळले नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी तटाबाहेरून लिहिले. तटाच्या आतून लिहिणारा हा एक भिक्षुक.

त्यांची भाषाही तशीच आहे. बोलल्यासारखी लांबच लांब वाक्ये, मध्येच जेवणाचे वर्णन, मध्येच दक्षिणेचा आकडा, मग एकदम प्रेतांचा ढीग. अलंकार नाहीत. आम्ही परीक्षेत ज्याला पाल्हाळ म्हणतो तोही पुष्कळ आहे. परंतु भीती वाटली तिथे भीती वाटली असेच लिहिले आहे, आणि शौर्याचा आव एकदाही आणलेला नाही. गावोगावच्या पाककृतींविषयी मात्र ते इतके तन्मय होऊन लिहितात, की उपाशी पोटी ती पाने वाचू नयेत.

वैद्यांनी ते हस्तलिखित लगेच छापले नाही. १८५७ विषयी असा मजकूर छापणे त्या राज्यात धोक्याचे होते, आणि लिहिणारा हयात होता. विष्णुभट गेल्यानंतर, १९०७ साली, म्हणजे त्या उठावाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, पुस्तक बाहेर पडले. पण वैद्यांनी त्यावर हात फिरवला होता. भाषा नीटनेटकी केली, काही मजकूर गाळला, काही ठिकाणी आपला घातला. कित्येक वर्षे महाराष्ट्राने हेच रूप वाचले. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जपून राहिले होते; ते महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली जसेच्या तसे प्रसिद्ध केले. हिंदीत अमृतलाल नागरांसारख्या कादंबरीकाराने त्याचा अनुवाद केला आणि इंग्रजीतही ते गेले.

आमच्या ग्रंथालयात या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. एक वैद्यांच्या संपादनावरून काढलेली, सुबक आणि वाचायला सोपी. तिच्यावर तारखांचे शिक्के खूप आहेत. दुसरी पोतदारांची. तिची पाने काही ठिकाणी अजून कापलेलीच नव्हती, ती मी पट्टीने कापली. दोन्ही शेजारी ठेवून झाशीचा भाग वाचला तर वैद्यांनी कोठे हात फिरवला, ते सहज कळते. पोतदारांची प्रत मी गेल्या आठवड्यात परत केली आहे. ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावी.